पावणेतीन लिटरला साडेपाच मिली

११ नोव्हेंबर, सकाळी सव्वादहा. रक्कम चारशे वीस रुपये. हजर तिघे: मी, माझे काका आणि श्रीवर्धनच्या बाजारपेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानाचे मालक. घेतलेली वस्तू म्हणजे अर्ध्या लिटरची एक निळी बाटली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हे जुन्या डिझेल इंजिनांसाठी आहे, इंधनात मिसळायचं, आणि त्याने पंप व नोझल यांना वंगण मिळतं. प्रमाण एका लिटरला दोन मिलिलिटर.

"ह्याला सगळे औषधच म्हणतात," दुकानदार म्हणाले. "मच्छीवाले नेतात, जुने जीपवाले नेतात. काका, तुमचं ते काळं इंजिन अजून हाय?"

"मी हाय तोवर हाय," काका दुकानदारांच्याच बोलीत म्हणाले.

"मग दोन बाटल्या न्या. एक तुम्हाला."

काका हसले. बाटली हातात घेऊन त्यांनी ती उलटी-सुलटी केली, झाकण उघडून वास घेतला आणि मला परत दिली. "रॉकेलात साबण कालवल्यासारखा वास येतोय. चारशे वीसला."

मी पैसे दिले आणि पावती घेतली. मी इथल्या हायस्कुलात हेडक्लार्क आहे. पावती घेणं हा माझा स्वभाव झालेला आहे, त्यात काही विशेष नाही.

हे औषध घ्यायची वेळ का आली, ते सांगतो. आमची खालची वाडी घरापासून बाराशे पावलांवर आहे. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या जूनमधल्या वादळात तिथल्या तीनशे चाळीस पोफळींपैकी एकतीस उभ्या राहिल्या, बाकीच्या एका दुपारीत आडव्या झाल्या. त्याबरोबर विजेचे सहा खांबही गेले. त्या लाइनवर तीन वाड्या होत्या. बाकीच्या दोघांनी पुढे वाड्या विकल्या, घेणाऱ्यांनी कुंपणं घातली आणि ते मुंबईला राहतात. त्यांना पाणी नको, त्यामुळे वीजही नको. सहा खांबांचा खर्च एकट्याने करण्याची माझी ऐपत नव्हती. काकांनी शेडच्या कोपऱ्यातलं आजोबांच्या वेळचं डिझेल इंजिन बाहेर काढलं, आठ दिवस खोलून धुतलं आणि विहिरीवर बसवलं. मग त्यांनी पोफळीची रोपं लावली. पहिल्या वर्षीची बहुतेक मेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली, त्यातली दोनशे बारा जगली.

काका तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. हा हिशेब मी त्यांच्यासमोर कधी केला नाही, पण तो त्यांना माझ्याआधी येत होता.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात काकू गेल्या. त्यांना मूलबाळ नाही, दोघं आमच्याबरोबरच राहत. काकू गेल्यावर काका पडवीतल्या झोपाळ्यावर बसले ते बसूनच राहिले. जेवायला हाक मारली की येत, दोन घास खात, परत जाऊन बसत. बोलणं जवळजवळ बंद. आमच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शरीराला काही झालेलं नाही, पण असंच बसून राहिले तर होईल. कसंही करून त्यांना चालतं-फिरतं ठेवा.

दिवाळी झाली, पाऊस पूर्ण थांबला आणि रोपांना शिंपायची वेळ आली. मी इंजिन सुरू करायला गेलो. ते हँडल मारून सुरू करायचं असतं. एका हाताने वरची लिव्हर उचलून धरायची, दुसऱ्या हाताने हँडल फिरवत वेग घ्यायचा आणि नेमक्या क्षणाला लिव्हर सोडायची. तो क्षण मला आजपर्यंत सापडलेला नाही. तीन दिवस मी रोज सकाळी घामाघूम होऊन परत येत होतो. चौथ्या दिवशी काका झोपाळ्यावरून उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "तुझ्यानं व्हायचं नाही ते. चल."

त्या दिवसापासून ते रोज वाडीत जाऊ लागले. एक दिवसाआड इंजिन, मधल्या दिवशी आळी करणं, गवत काढणं. जेवण सुधारलं. बायकोच्या लक्षात आलं ते मी इथे लिहितो, कारण माझ्या आलं नव्हतं. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला इंजिन सुरू करता येत नाही हे बरंच झालं. आता शिकू नका."

मी शिकलो नाही. मात्र एक गोष्ट मनात पक्की धरली, की हे इंजिन बंद पडता कामा नये. दोनशे बारा रोपांना पाणी दुसऱ्या कशानेही देता आलं असतं. भाड्याने पंप मिळतात, रोजाने माणूस मिळतो. पण काकांना उठवून बाराशे पावलं चालवणारी दुसरी वस्तू आमच्याकडे नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात इंजिनाचा आवाज बदलला. सुरू व्हायला वेळ लागू लागला, मधूनच धक्का खाऊ लागलं. माणगावच्या पंपरूमवाल्याने, म्हणजे डिझेल इंजिनांचे पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने, काकांसमोर नोझल साफ केलं, फिल्टर बदलला आणि म्हणाला, "साहेब, आताचं डिझेल कोरडं येतं. पयलं गंधकवालं यायचं, काळा धूर मारायचं, पण पंपाला चिकट असायचं. आता साफ करतात त्यात तो चिकटपणाही जातो. जुन्या पंपाचं पोट डिझेलवरच चालतं, त्याला वेगळं ऑइल न्हाय. तुम्ही काहीतरी घालत जा त्यात."

मी चौकशी केली. पेट्रोलपंपावरचा माणूस म्हणाला, गंधक काढल्यावर कंपनीच त्यात वंगणाचं काहीतरी मिसळते, तुम्ही वेगळं घालायची गरज नाही. दुकानदार म्हणाले, ते नव्या गाड्यांच्या हिशेबाने असतं, जुन्याला पुरत नाही. जीवना बंदरावरचा एक होडीवाला टू-टी ऑइल घालतो, म्हणजे स्कूटरच्या पेट्रोलमधलं, आणि त्याचं इंजिन तीस वर्षं चालू आहे. पण तो म्हणाला, तेलामुळे चालतंय की नशिबाने, ते मी कसं सांगू? चार माणसांना विचारून मला चार उत्तरं मिळाली. न घालून नुकसान झालं तर काय, या भीतीने मी निळी बाटली घेतली.

एकदा घ्यायची ठरल्यावर मात्र मी ती नीट वापरली. इंजिनाची टाकी सात लिटरची. एका पाळीला, म्हणजे तीन तासांना, पावणेतीन लिटर डिझेल लागे. आदल्या संध्याकाळी शाळेतून परतताना मी वाडीत जायचो, खर्च झालेलं पावणेतीन लिटर भरायचो आणि दहा मिलीच्या सिरिंजने साडेपाच मिली औषध घालायचो. ते वहीत लिहायचो. सकाळी काका एकटे जाऊन इंजिन चालवायचे.

"माझ्या बीपीच्या गोळ्या कधी एवढ्या मोजून दिल्या नाहीत," बायको म्हणाली.

काका तर सिरिंज बघून थक्कच झाले. "ह्याला काय बाळगुटी पाजतोस काय रे? मधात उगाळून आणू?"

"काका, जास्त झालं तर नोझलला काजळी धरते. कमी झालं तर उपयोग नाही."

"आणि बरोब्बर झालं तर?"

"तर पंप टिकेल."

"म्हणजे तुलाही ठाऊक नाही," ते म्हणाले.

खरं होतं. महिनाभराने मी वही पाहिली. पूर्वी एका पाळीला दोन लिटर आठशे मिली लागत असावं, आता दोन लिटर साडेसातशे. पन्नास मिलीचा फरक माझ्या मापट्याच्या चुकीतही बसतो. काकांना विचारलं, आवाजात काही फरक वाटतो का? ते म्हणाले, "मऊ झालाय थोडा." मला इतकं बरं वाटलं की मी ते तारखेसकट लिहून ठेवलं. पुढे माझ्या लक्षात आलं की त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं असावं.

काकांचा खरा भरवसा आमच्या खोबरेलावर. आमचे नारळ, आमचं खोबरं, गावातल्या घाण्यावर काढलेलं तेल. घरात ते केसांना, दिव्याला, दाराच्या बिजागऱ्यांना, भाजलं-कापलं तर त्यालाही. दसऱ्याला इंजिनाची पूजा होते तेव्हा काका हळदकुंकवाबरोबर चमचाभर खोबरेल इंजिनाच्या माथ्यावर घालतात. डिसेंबरात त्यांनी मला विचारलं होतं, "चिकटपणाच हवा ना? मग चारशे वीसचं कशाला? आपलं घालू."

मी म्हटलं, "नको. ते थंडीत थिजतं."

"टाकीभर डिझेलात चमचाभर कुठे थिजायला बसलंय?"

"नको म्हटलं ना, काका."

मला वाटलं विषय संपला.

१३ जानेवारीला सकाळी पावणेनऊला काका घरी आले. इंजिनाच्या दिवशी ते अकराच्या आत कधी येत नाहीत. हात काळे, सदरा घामाने अंगाला चिकटलेला, श्वास लागलेला. बाहेर चांगली थंडी होती. बायकोने पाणी दिलं. ते प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लागत नाहीये."

"किती वेळा मारलंत?"

"मोजलं नाही."

मी शाळेत फोन करून तासाभराने येतो असं सांगितलं आणि त्यांच्याबरोबर गेलो. वाडीत नारळ पाडणारा माणूस आला होता, माडावरून नुकताच उतरून आपली दोरी गुंडाळत होता. मी टाकी बघितली, भरलेली. नळी बघितली, ठीक. मग फिल्टरची वाटी खोलली. वाटीत डिझेल नव्हतं. पांढरं, घट्ट, साय धरल्यासारखं काहीतरी होतं. बोट लावलं तर खाच पडली. थंडीत आमच्या न्हाणीघरातल्या बाटलीत जे दिसतं ते. वास ओळखायची गरज नव्हती.

मी काकांकडे पाहिलं.

"परवा फिल्टर बदलला," ते म्हणाले. "त्या माणगाववाल्याने मागे बदलताना वाटीत आधी ते टू-टी का काय ते भरलं होतं. कोरडा बसवायचा नाही म्हणाला. मी म्हटलं आपलं भरू. डिझेलात नाही घातलं. वाटीतच फक्त."

त्यांच्या बाजूने त्यात चूक नव्हती. मिस्त्रीला त्यांनी जे करताना पाहिलं तेच त्यांनी केलं. दुपारच्या उन्हात भरलं तेव्हा तेल पातळ होतं. दोन रात्री गेल्या आणि ते थिजलं. हे सगळं मी आता शांतपणे लिहितो आहे. तेव्हा मी शांत नव्हतो.

"तुम्हाला सांगितलं होतं की नाही?" मी म्हणालो. "डिसेंबरात सांगितलं होतं. मी इथे थेंब थेंब मोजतोय, सिरिंजने मोजतोय, आणि तुम्ही वाटीभर खोबरेल ओतलंत. बाटलीवर लिहिलेलं आहे ते वाचायचं तरी. उद्यापासून इंजिनाला हात लावू नका. मी बघतो काय ते."

माड उतरलेला माणूस दोरी गुंडाळता गुंडाळता थांबला. मग उगीचच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ना दादा, म्हातारं मानूस." त्याने चांगल्या हेतूने म्हटलं, पण त्या शब्दांनी जास्तच वाईट झालं. काकांचा मोतीबिंदू दोन वर्षांचा आहे, बाटलीवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांनी पंच्याने हात पुसले, हँडल काढून भिंतीला नेहमीच्या खुंटीवर लावलं आणि घरी गेले.

मी वाटी गरम पाण्याने धुतली, कोरडी केली, नवा फिल्टर बसवला, नळीतली हवा काढली. नारळवाल्याला हँडल मारता येत होतं, त्याने ते केलं. इंजिन लागलं. मी घड्याळ लावलं. बावीस मिनिटं चाललं, मग आवाज खाली खाली गेला आणि बंद पडलं. पुन्हा लागलं नाही. पुढे डिझेल सुटतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. त्यानंतरच्या रविवारी मी इंजिनावरचा डिझेलचा पंप सोडवून पिशवीत घातला आणि सकाळच्या एसटीने माणगावला गेलो. काकांना येता का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

पंपरूमवाल्याने पंप खोलला. आत बोटाएवढी एक पोलादी दांडी असते, ती तितक्याच बारीक नळीत सरकते. त्यानेच डिझेलला दाब मिळतो. दोघांमध्ये केसाएवढीही जागा नसते आणि वंगण म्हणून असतं ते फक्त डिझेल. त्याने दांडी काढून ती चिंधीने पुसली आणि उजेडात धरली. तिच्यावर उभे ओरखडे होते. ओरखड्यांच्या मध्ये तपकिरी ठिपके होते.

"खोबरेल?" मी विचारलं.

तो हसला. "खोबरेलानं लोखंड गंजतं काय साहेब? आमची अम्मी तर कैची ठेवायची त्यात. खोबरेलानं फिल्टर बंद झाला असंल. हे पाणी हाय."

"पाणी कुठून येणार? टाकीला झाकण आहे. मी स्वतः भरतो."

"डिझेल कशातनं आणता?"

मी सांगितलं. वरचेवर पंपावर जायला नको म्हणून ऑक्टोबरात पस्तीस लिटरचे तीन कॅन भरून आणले होते. शेडमध्ये ठेवले होते. तेव्हा पाऊस पूर्ण गेलेला नव्हता.

"शेड कौलारू? खाली ओल?"

"हो."

"कॅन तळापर्यंत ओतता की थोडं खाली ठेवता?"

त्या दोन महिन्यांत मी दोन कॅन पूर्ण रिकामे केले होते. दोन्ही वेळा कॅन उलटा करून, बुडावर थापटी मारून, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरला होता. पाणी डिझेलपेक्षा जड असतं आणि तळाशी बसतं, हे मला शाळेतल्या पुस्तकापासून माहीत आहे. पण हातात कॅन असताना माझ्या डोक्यात दुसरंच होतं, की वाया काही जाऊ नये.

"तळापर्यंत," मी म्हणालो.

"मग औषध तुम्ही पाण्याला पाजलंत," तो म्हणाला. टोमणा म्हणून नाही, सहज. ते ऐकून शेजारच्या बाकावरचा ट्रॅक्टरवाला मोठ्याने हसला.

मला नक्की काय झालं ते हवं होतं. मी विचारलं, या ओरखड्यांत पाण्यामुळे किती, कोरड्या डिझेलमुळे किती, वयामुळे किती? खोबरेलाने उपाशी फिरला त्याचा भाग किती? अंदाजे टक्के सांगा.

"टक्के?" त्याने दांडी फडक्यात गुंडाळली. "साहेब, मी पंचवीस वर्षं हेच काम करतोय. गंज हाय म्हणजे पाणी हाय, एवढं सांगतो. बाकी कोण किती, ते अल्लाला ठाऊक. आणि कळून काय करणार? हा पार्ट आता येत न्हाय. दुसऱ्या पंपाचा काढून घासून बसवून बघतो. चालला तर महिना चालंल, न्हायतर दिवस. लिहून देत न्हाय."

मी बसवायला सांगितलं. त्याने दीड तास खपून तो बसवला. मंगळवारी नारळवाल्याला बोलावून इंजिन सुरू केलं. ते साडेनऊपासून दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत चाललं. त्यानंतर चाललं नाही. बाटलीत अजून तीनशे पंधरा मिली औषध शिल्लक होतं. मी ते मोजलं, कशासाठी ते सांगता येणार नाही.

माणगावहून आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी काकांसमोर जाऊन बसलो. मी सहसा माफी मागत नाही, सवय नाही. मी म्हटलं, "काका, ते खोबरेलाने झालं नाही. पाण्याने झालं. कॅनमधलं पाणी. मी तळापर्यंत ओतत होतो."

"हं."

"तुमची चूक नव्हती. माझी होती."

ते झोपाळ्याची कडी बघत होते. मग म्हणाले, "इंजिन गेलं ना?"

"दुसरा पार्ट बसवलाय त्याने. पण भरवसा नाही."

"मग कुणाच्या हातनं गेलं ते घेऊन मी काय करू? तू ठेव वहीत लिहून." त्यात राग नव्हता. राग असता तर मला काही करता आलं असतं.

रोपांना पाणी द्यायचंच होतं. जानेवारीच्या शेवटी मी एक छोटा पेट्रोलचा पंप विकत घेतला. दोरी ओढली की लागतो. तो कुणालाही सुरू करता येतो. मला पहिल्याच ओढीला जमला. हा पंप काकांना दाखवायला मी रिक्षा करून त्यांना वाडीत घेऊन गेलो. त्यांनी पाहिला. "आवाज डासासारखा आहे," म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही ओढून बघा. त्यांनी ओढली, पंप लागला, पाणी पाटात उतरलं. ते दोन मिनिटं पाण्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "चल, जाऊ या. ह्याला माणूस कशाला लागतोय?"

त्यानंतर ते गेले नाहीत. मी काय काय केलं ते लिहितो. आळी नीट होत नाहीत, तुम्ही येऊन दाखवा, असं म्हटलं. त्यांनी झोपाळ्यावर बसूनच हाताने दाखवलं. बायकोने एकदा सांगितलं, वाडीतून विड्याची पानं घेऊन या, सत्यनारायणाला हवीत. ते फाटकापर्यंत गेले, तिथे थांबले, परत आले आणि म्हणाले, बाजारातून आण, तिथे चांगली मिळतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "बघायचं काय आहे आता नवीन?" मी पंप मुद्दाम बिघडवून ठेवावा, असंही मनात आलं. पण तो बिघडला तर तो दुरुस्तही मीच करू शकेन, इतका साधा आहे, आणि ते काकांना पंपाकडे एकदा पाहूनच कळलं होतं.

डॉक्टर पुन्हा येऊन गेले. वजन दोन किलो सातशे ग्रॅम उतरलं आहे. त्यांनी तेच सांगितलं जे दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि जाताना मला विचारलं, "मागच्या वेळी कसे उठले होते?" मी म्हटलं, "मला इंजिन सुरू करता येत नव्हतं म्हणून."

फेब्रुवारीपासून शिंपायला माणूस ठेवला. शेजारच्या गावचा आहे, कामाला चोख. एक दिवसाआड सकाळी येतो, पंप लावतो, तीन तास पाणी घालतो, जाताना घरावरून जातो आणि किल्ली देतो. महिना संपला त्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, तो पडवीत आला. काका झोपाळ्यावर होते.

"दादा," तो मला म्हणाला, "तुम्ही दोनशे बारा म्हनला होता. मी दोनदा मोजली. दोनशे नऊच हायत."

मी काकांकडे पाहिलं. प्रत्येक रोप कुठल्या ओळीत कितवं आहे ते त्यांना पाठ होतं. कुठलं कडेचं आहे, कुठलं केळीच्या सावलीत उशिरा वाढलं, कुठल्याला पहिल्या उन्हाळ्यात झावळीचा आडोसा केला होता, हे सगळं ते जेवताना सांगायचे, आम्हाला कंटाळा येईपर्यंत.

"काका, तीन कमी आहेत म्हणतोय."

"असतील," ते म्हणाले.

कुठली, ते त्यांनी विचारलं नाही. मी थोडा वेळ थांबलो, ते विचारतील म्हणून. तो माणूसही थांबला. मग मी आत जाऊन पैसे आणले. ठरले होते तेवढे, एका महिन्याच्या शिंपण्याचे साडेचार हजार रुपये, त्या माणसाला दिले.